वाजत्या वहाणा

या वर्षी किंक्रांत पुन्हा शनिवारी आली आहे. सकाळपासून कोरडा वारा सुटला आहे. उन्हात बसलं की पाठ भाजते आणि सावलीत सरकलं की बोटं आखडतात. सोलापूरची थंडी अशीच, आल्या दिवसापासून जायची घाई असलेली. रस्त्यावरून गड्ड्याच्या जत्रेला निघालेल्या बैलगाड्या चालल्या आहेत. घुंगरांचा आवाज, मधेच हलगी, कुणा पोराच्या तोंडातली पिपाणी. शेजारच्या परड्यात हुरडा भाजताहेत आणि त्याचा गोडसर धूर माझ्या खोलीत येऊन बसला आहे. अकरा वर्षांपूर्वीच्या किंक्रांतीलाही असाच धूर होता, असाच शनिवार होता, आणि मीही असाच सकाळी सकाळी कुणावर तरी ओरडून मोकळा झालो होतो.

त्या पौषात माझ्या बायकोची नजर जात चालली होती. दिवसा ठीक होतं, पण उन्हं कलली की तिला समोरचं माणूस दिसेनासं होई. हे माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला माहीत होतं. आठ वर्षांच्या सोनीला माहीत होतं. शेजारच्या पाणी भरणाऱ्या बाईलासुद्धा माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला. या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला फारसं वाटतही नाही.

मी करमाळ्याकडचा. खांद्यावर लुगड्यांचं गाठोडं टाकून या गावात आलो तेव्हा पायात काही नव्हतं. दारोदार फिरून विकलं, पुढं पेठेत एक गाळा धरला, गाळ्याचं दुकान झालं. शाळा म्हणाल तर चार इयत्ता. बाकी सगळं बाजारात शिकलो. सुताला चिमटीत धरून मी अंधारातही त्याचा नंबर सांगतो. विणकराच्या घरी गेलो तर त्याची बायको आत तेलुगूत काय पुटपुटते त्यावरून त्याला किती गरज आहे ते ओळखतो. सगळं ओळखतो. माझ्या घरात काय चाललं आहे तेवढं ओळखता आलं नाही.

भाव करायची माझी एक रीत आहे. माल हातात घ्यायचा, त्याला पोटभर नावं ठेवायची, आपला भाव एकदाच सांगायचा आणि पाठ फिरवायची. मग दहा पावलं. मागं वळून बघायचं नाही, चालही मंद करायची नाही. दहाव्या पावलाच्या आत हाक येतेच. लग्नानंतर पहिल्याच बाजाराला बायकोला घेऊन गेलो, तर मी पाठ फिरवल्यावर ही त्या पितळी तांब्याकडे मान वळवून बघत राहिली आणि दुकानदार हसला. सौदा गेला. भर रस्त्यात मी तिला नाही नाही ते बोललो. म्हणालो, मी चालू लागलो की तूही चालू लागायचं, माझ्या मागं, मुकाट, आणि वळून म्हणून बघायचं नाही. त्यानंतर तिनं कधी वळून बघितलं नाही. सबंध बाजारात आमची जोडी त्यासाठी प्रसिद्ध होती.

माझ्या वहाणाही प्रसिद्ध होत्या. पैसे हातात खेळू लागले तेव्हा पहिली हौस मी पायांची केली. कोल्हापूरकडून वहाणा आणवल्या, जाड तळाच्या, आणि तळाच्या दोन पदरांत विंचवाचं बी घातलेल्या. हे बी आत असलं की पाऊल पडेल तशी वहाण करकरते. अनवाणी आलेला माणूस मी, तो आवाज ऐकताना मला माझंच कौतुक वाटे. पण बाजार मोठा चावट. मी गल्लीत वळायच्या आधी वहाणांचा आवाज पोचायचा आणि दुकानदार एकमेकांना सांगायचे, ‘करकरशेट आला रे, भाव चढवून ठेवा.’ हे मला एका हमालानं हसत हसत सांगितलं. त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या आवाजाची मी हौस केली तोच माझे सौदे बिघडवत होता.

म्हणून त्या शनिवारी सकाळी मारुतीला तेल आणि रुईची माळ घालून झाल्यावर आमचं पहिलं काम दादू चांभाराकडे होतं. मी, बायको आणि मधे सोनी. दादू पिंपळाखाली बसे. मी वहाणा काढून त्याच्यापुढे टाकल्या आणि म्हणालो, ‘आवाज काढून टाक.’

‘काढायचा?’ दादूनं मान वर केली. ‘लोकं आवाज घालाया येत्यात, शेटजी. तुमी काढाया आलासा?’

‘तुला काय करायचंय? तळ उसव, बी काढ, परत शिव. आणि शिवायचे पैसे निम्मेच देणार, दोरा जुनाच वापरणार तू.’

‘दोरा जुना न्हाय, शेटजी, चांभार जुना हाय.’

सोनी खुदकन हसली. बायको मात्र हसली नाही. ती जरा पुढं होऊन म्हणाली, ‘राहू द्या की. वाजत्यात तर वाजू द्या.’

‘का?’

‘ऐकाया बरं वाटतं.’

‘मी काय तमाशातला नाच्या आहे, पायात वाजतं बांधून फिरायला?’

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, उलगडलं, पुन्हा गुंडाळलं. मग ‘बरं’ म्हणाली. दादूनं आरीनं तळ उसवला आणि आतलं बी बाहेर काढलं. काळं, वाळलेलं, वाकड्या नाकाचं. एका वहाणेत एक, दुसरीत एक. तो ते फेकणार तोच बायकोनं हात पुढं केला. दादूनं दोन्ही बिया तिच्या तळहातावर ठेवल्या, आणि तिनं त्या पदराच्या गाठीत बांधल्या. मला वाटलं सोनीला खेळायला घेतल्या असतील. मी तिकडे लक्षही दिलं नाही. मी दादूशी दोऱ्यावरून भांडत होतो.

आज मी तो पिंपळ, ते ऊन, तो हात, सगळं पुन्हा पुन्हा बघतो. माणूस एका शब्दानं सांगू शकतो अशी गोष्ट तिनं तिथं सांगितली नाही. ‘ऐकाया बरं वाटतं’ एवढंच म्हणाली. त्यात सगळं होतं म्हणा, पण मी असल्या बोलण्यातलं ऐकणारा माणूस नव्हतो, आणि हे तिला माहीत होतं. मग नीट का सांगू नये?

त्या हिवाळ्यात घरात बऱ्याच गोष्टी बदलल्या होत्या. संध्याकाळचा स्वयंपाक उन्हातच उरकू लागला होता. मी दुकानातून येई तोवर भाकरी गार होऊन गेलेली असे, आणि मी ताट सरकवून म्हणे, ‘घाई कसली होती? कुणाला गाडी पकडायची होती?’ घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी असे. सोनीनं तांब्या इकडचा तिकडे ठेवला तरी अक्का तिच्यावर ओरडे. एकदा आमटीत दोनदा मीठ पडलं. एकदा ही माझ्या बहिणीच्या पायावर पाय देऊन पुढं गेली आणि दोघीही काही बोलल्या नाहीत. दिवेलागणीला सोनी खेळ टाकून घरात येई आणि आईचा पदर धरून बसे. मी म्हणे, पोरगी फार लाडावली आहे. चिमटीत सूत ओळखणारा मी, आणि हा माझा अंदाज!

दादूकडून आम्ही मंडईत गेलो. हरभऱ्याच्या जुड्या, गाजरं, ओल्या तुरीच्या शेंगा. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला बायका येणार, त्यांना वाटायला काहीतरी हवं म्हणून तिनं लाकडी फण्या घेतल्या. एकेक फणी बोटांनी चाचपून दात मोडका नाही ना बघत होती. मला ते आवडलं. म्हटलं, माझ्या हाताखाली शिकली. दोन वेळा मी पाठ फिरवली. दोन्ही वेळा ती मागं आली आणि दोन्ही वेळा हाक आली. नव्यानं शिवलेल्या वहाणा पायात मुक्या होत्या आणि मला एखाद्या चोरासारखं हलकं वाटत होतं. दिवस होता. तिला माझी पाठ दिसत होती.

‘उन्हं हायत तवर उरकूया,’ ती दोनदा म्हणाली. मी म्हटलं, ‘ऊन काय फुकट जातंय?’

जेवणं झाली. संध्याकाळी होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं, किंक्रांतीला दरवर्षीच असतं. बाण, झाडं, चक्रं. खेडोपाड्यातून माणसं त्यासाठी मुक्काम करतात. मी तसा कधी जात नसे. पैसा जाळायचा आणि वर बघून तोंड उघडं टाकायचं, यात मला कधी रस वाटला नाही. पण त्या वर्षी ही पंधरा दिवस आधीपासून मागं लागली होती. लग्नाला दहा वर्षं झाली होती, तिनं कधी काही मागितलं नव्हतं.

अक्कानं उंबऱ्यातच आडवा हात घातला. ‘कर हाय आज. करीच्या दिसाला कशाला बाहेर? आन् तू... तुला...’ ती बायकोकडे बघून थांबली.

‘मला या साली बघायचंच हाय, अक्का,’ बायको म्हणाली.

‘पुढच्या साली बघ की.’

‘पुढच्या सालाचं काय सांगावं?’

अक्कानं माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर शब्द आला होता. मी वहाणा घालत होतो, आणि माझी भिवई वर गेली असावी, कारण तिनं तो शब्द गिळला. सोनीला जवळ ओढून म्हणाली, ‘आईचा हात सोडू नगं. काय बी झालं तरी सोडू नगं.’ मला वाटलं, म्हातारी होत चालली, जत्रेत पोर हरवेल म्हणून घाबरते.

त्या संध्याकाळी ज्या गोष्टीवर सगळं अवलंबून होतं ती हीच: अंधार पडल्यावर हिच्याजवळ एक तर सोनीचा हात हवा होता, नाही तर माझ्या वहाणांचा आवाज. गेलं वर्षभर ती रस्त्यानं त्या आवाजावर चालत होती. हे मला पुढं कळलं. दोन्हींपैकी आवाज मी सकाळी काढून टाकला होता.

जत्रा भरात होती. गॅसबत्त्या नुकत्याच फुसफुसत पेटत होत्या. पाळणे फिरत होते, भज्यांचा वास होता, एका तंबूबाहेर माणूस घसा फोडून आतल्या सिनेमाची तारीफ करत होता. धूळ गुडघ्याएवढी. कंदिलांच्या दुकानापुढं ही थांबली. एक मोठ्या काचेचा कंदील तिनं हातात घेतला, काचेवरून बोट फिरवलं.

‘हा घेऊया.’

‘घरात दोन आहेत.’

‘ह्याचा उजेड जास्ती पडंल.’

घेऊया तर घेऊया. मी कंदील हातात घेतला आणि त्याला नावं ठेवायला सुरुवात केली. पत्रा पातळ, वात वाकडी, काच हिरवट. विकणारा दखनी बोलणारा, माझ्याइतकाच पक्का. म्हणाला, ‘क्या सेठ, कंदील लेरे की बहू पसंद कररे?’ आजूबाजूची माणसं हसली. माझं डोकं फिरलं. मी भाव सांगितला, तो नाही म्हणाला. आता पाठ फिरवायची. पण सोनी आईचा हात धरून तशीच उभी, तोंड वासून कंदिलाकडे बघत. पोर रेंगाळलं की दुकानदाराला कळतं, हे गिऱ्हाईक अडकलं. मी सोनीचं मनगट धरलं आणि ओढलं.

‘आप्पा, आईचा हात...’

‘गप.’

‘आप्पा, अवं आप्पा, आईला...’

‘गप चाल म्हणतो ना!’

एक, दोन, तीन. धुळीत माझ्या वहाणांचा काहीही आवाज होत नव्हता. चार, पाच. सोनी मागं ओढत होती, मी पुढं ओढत होतो. सहा. सातव्या पावलाला मागून हाक आली, ‘ओ सेठ! आव, ले जाव, ले जाव! क्या गुस्सा करते जी!’

मी जिंकलो होतो. मी अगदी सावकाश वळलो, जसं वळायचं असतं तसं, तोंडावर काही न दाखवता. कंदीलवाला हातात कंदील घेऊन उभा होता. त्याच्यापुढची जागा रिकामी होती.

आधी वाटलं, असेल इथंच. मग वाटलं, दुसऱ्या दुकानापुढं थांबली असेल, आणि मला राग आला. मी सोनीला म्हणालो, ‘तुझी आई कुठं उलथली बघ.’ तेव्हा ते पोर तिथंच धुळीत बसलं आणि हमसाहमशी रडत म्हणालं, ‘आईला अंधारात दिसत न्हाय, आप्पा. तिला काईच दिसत न्हाय. ती तुमच्या वहाणांच्या मागनं येती.’

एवढं बोलून ती थांबली नाही. अक्कानं सांगू नको म्हणून सांगितलं होतं, ते सगळं ओकली. मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढं काय आलं, तर मीठ दोनदा पडलेली आमटी. आणि त्या आमटीवरून मी काय काय बोललो ते.

मी हाका मारू लागलो. पण हाक काय मारणार? बायकोला नावानं हाक मारायची रीत आमच्याकडे नाही. ‘सोनीच्या आई, सोनीच्या आई’ म्हणून ओरडत होतो. त्या जत्रेत किती सोन्या आणि किती त्यांच्या आया! दोन बायका वळून माझ्याकडे बघून पुढं गेल्या. तेवढ्यात मैदानावर पहिला बाण उडाला. सगळी जत्रा एकदम थांबली आणि सगळ्यांनी माना वर केल्या.

मी ते दारूकाम बघितलं नाही. मी बघितले ते चेहरे. बाण फुटला की हजारो चेहरे हिरवे होत, मग लाल, मग सगळा अंधार. उजेड असे तेवढ्या वेळात मी जेवढे चेहरे बघता येतील तेवढे बघून घेई, आणि अंधार पडला की उभा राही, पुढच्या बाणाची वाट बघत. आयुष्यात मी कधी कशाची अशी वाट बघितली नव्हती. लोक ‘वाहवा’ म्हणत होते. मला प्रत्येक बाण फार लवकर विझतो असं वाटत होतं. कुणाला सांगणार, जरा जास्त वेळ जळू द्या म्हणून? कुणाशी भाव करणार?

तळ्याच्या बाजूला, बैलगाड्या सोडल्या होत्या तिकडे, ती सापडली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बाजूला उभी होती. त्याच्या डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी, आणि पायात नव्या करकरीत वहाणा. मला बघून तो मैंदर्गीकडच्या कानडी हेलात म्हणाला, ‘तुमची काय ओ ही? म्या चाललो की ही चालती. म्या थांबलो की थांबती. म्या म्हटलं, यव्वा, कोण पायजे तुला? तर म्हणती, आमच्या ह्यांच्या वहाणा वाजल्या. आता माझ्या वहाणा हिच्या मालकाच्या कशा व्हत्याल?’ तो हसला, आणि मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला. ‘म्या म्हटलं, हितंच थांब यव्वा. माणूस येतंय की हुडकत.’

म्हणजे मी पाठ फिरवली, आणि ही माझ्या शिकवणीप्रमाणे चालू लागली. मुकाट, वळून न बघता. कान देऊन. माझ्या वहाणा मुक्या होत्या आणि नेमका तेव्हा हा भला माणूस करकर करत दुकानापुढून गेला. सकाळी आवाज काढला हे तिच्या ध्यानात होतं. पण माणूस गर्दीत एकटं पडलं की सवयीच्या आवाजामागं जातं.

ती उभी होती ती डोळे मिटून. तिच्या मिटल्या पापण्यांवर हिरवा उजेड येत होता, जात होता. शेवटची दारूची झाडं जळत होती, त्यांचा पांढरा लोट आभाळात चढला होता. मी जवळ गेलो. माझी चाहूल तिला लागली नाही. सोनीनं हात धरला तेव्हा तिनं डोळे उघडले.

‘बघितलंस का?’ मी विचारलं. राग यायला हवा होता, तो येत नव्हता.

‘न्हाय.’

‘एकही नाही? उजेड तर दिसतो म्हणते सोनी.’

‘डोळं उघडं ठिवलं की कान ऐकत न्हाईत,’ ती म्हणाली. ‘मी वहाणा ऐकत व्हते.’

तेवढ्यात शेवटचा बाण विझला आणि माणसं उठून अंग झटकू लागली.

घरी येताना आम्ही कंदील घेतला नाही. त्या दुकानावरून जावं लागलं. कंदीलवाल्यानं माझ्या ठरवलेल्या भावात तो पुढं केला, तर मी नको म्हणून मान हलवली. अक्का दारात बसली होती. मी तिला म्हणालो, ‘मला सांगितलं का नाहीस?’ ती म्हणाली, ‘तू ऐकून घेतलं असतंस व्हय रे किसन?’ मी ओरडलो. मग बायकोला विचारलं, ‘तू तरी?’ तिनं गार भाकरी ताटात वाढली, बोटांनी कड चाचपून ताट माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाली, ‘सांगून काय झालं असतं? तुमी माझ्या डोळ्यांसंगं भांडला असता.’

हे उत्तर मला त्या दिवशी पटलं नाही, आजही पटत नाही. राग असला म्हणून काय झालं? रागीट माणसाला काय बायकोचे डोळे नको असतात? मला एक वर्ष मिळालं असतं. एका वर्षात मी काय केलं असतं हे मला विचारू नका. मला ते वर्ष हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दादूकडे गेलो. बायकोनं पदराची गाठ सोडून दोन्ही बिया माझ्या हातावर ठेवल्या होत्या. ‘घाल परत,’ मी म्हणालो, ‘आणि नव्यानं पैसे मागू नकोस, कालचंच काम आहे.’ दादू म्हणाला, ‘काढाया बी भांडलासा, घालाया बी भांडतासा. तुमाला बरं तरी कशानं वाटतं, शेटजी?’

मग वैद्य झाले, हकीम झाले. कुणी बकऱ्याची कलेजी सांगितली, कुणी शेवग्याचा पाला. शेवटी मिरजेला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बराच वेळ उजेड टाकून बघितलं आणि मला बाजूला बोलावून सांगितलं की हे हळूहळू जाईल, सगळं जाईल, आणि यावर औषध नाही. माणूस सभ्य होता. मी त्याला म्हणालो, ‘साहेब, काय ते कमीजास्त करा.’ त्यानं चष्मा काढून पुसला. मी म्हणालो, ‘एक डोळा तरी.’ त्यानं चष्मा परत चढवला. मला दुसरी रीत येत नव्हती. मी पाठ फिरवली आणि चालू लागलो. लांबलचक व्हरांडा होता, फरशीचा, आणि माझ्या वहाणा अशा करकरत होत्या की खाटांवरचे रोगी माना उचलून बघू लागले. आठ, नऊ, दहा. मी अकरावं पाऊल टाकलं, बारावं टाकलं. दारापर्यंत गेलो. हाक आली नाही. माझ्यामागं फक्त ती येत होती, आवाजावर, सरळ. तिनं वळून बघितलं नाही. मीच तिला तसं शिकवलं होतं.

पुढच्या तीन वर्षांत उजेडही गेला. सोनीचं लग्न झालं, ती बार्शीला असते. अक्का आता खाटेवर असते आणि तिथून माझ्यावर ओरडते. वहाणांचा हा तिसरा जोड. बी तेच.

दर किंक्रांतीला आम्ही दोघं मैदानाच्या कडेला जाऊन बसतो. बाण फुटला की ती विचारते, ‘कसला?’ आणि मला सांगावं लागतं. हे काम मला कठीण जातं. माझी जीभ सगळ्या जन्मात मालाला नावं ठेवण्यात गेली. सुरुवातीला मी म्हणायचो, ‘हिरवा. ठीक आहे.’ ती म्हणायची, ‘ठीक म्हंजे? गिऱ्हाईकाला सांगताय का?’ मग मी शिकलो. करडईच्या फुलासारखा पिवळा. जांभळ्या लुगड्याच्या काठासारखा. ओलं सूत पिळल्यावर पाणी उडतं तसा चौफेर. हळूहळू मी जास्तीच सांगू लागलो. साधा बाण असला तरी म्हणायचो, असा कधी झाला नव्हता.

गेल्या वर्षी एक बाण सळसळत वर गेला आणि फुटलाच नाही. काळोखात कुठंतरी विझून गेला. लोक हसले. ती म्हणाली, ‘आता?’

मी म्हणालो, ‘पांढरा. फार मोठा. निम्मं आभाळ भरलं.’

ती पदरानं नाक पुसून म्हणाली, ‘फुटल्याचा आवाज न्हाय आला.’

एवढंच. वर्षभर तिनं तो विषय काढला नाही. आज सकाळी मी बंबात लाकडं कमी घातली म्हणून अक्का खाटेवरून ओरडली आणि मी उलट तिच्यावर ओरडत होतो, तेव्हा ही मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘आज जायाचं न्हवं?’

‘जायचं.’

‘मग एक ऐका. जो फुटत न्हाय, तो बी सांगा. फुटला न्हाय म्हणून सांगा. मला सगळे पायजेत.’

मी हो म्हणालो आहे. आता ऊन भिंतीवरून उतरलं आहे, हुरड्याचा धूर विरला आहे, आणि ती दाराशी येऊन बसली आहे. मी हो म्हणालो आहे खरं, पण तसा एखादा बाण वर जाऊन विझला आणि ती ‘आता?’ म्हणाली, तर माझं तोंड काय बोलेल, याचा मला भरवसा नाही.